डिकीतली सीट

आमची जुनी अमेरिकन गाडी दादाजींनी मधोमध कापली होती. उरलेल्या पुढच्या भागाला मागे कापूस वाहायला फळ्या ठोकल्या आणि कापलेलं मागचं धड हंगामात हमालीला येणाऱ्या वीरसिंगला देऊन टाकलं. जुन्या गाड्यांत नवं इंजिन बसवून त्या हौसेनं पळवणाऱ्या आमच्या मंडळींत तसं धड कुणाकडेच नाही. डिकी उघडली की उघड्या आकाशाखाली दोघांची सीट. दादाजींचा मला अजून राग येतो.

ते परत मागायला मी वीरसिंगच्या गावी, तोरणमाळला गेले. वीरसिंग आता नाही. अंगणात मोहाच्या झाडाखाली, दरीकडे तोंड करून धड ठेवलेलं होतं. डिकी उघडी, सीटवर गोधडी आणि गोधडीवर त्याची म्हातारी बायको, नानीबाई.

"केवलशेठची नात ना? बस," म्हणत ती सरकली.

मी बसले. दरीतून धुकं वर आलं. धुकं सरकतंय की आम्ही, तेच कळेना. नानीबाईनं वाऱ्यानं उडू नये म्हणून पदर दातात धरला. मीही केस बांधले.

मी उतरले, तेव्हा तिनं विचारलं, "पुढचा भाग आहे का अजून?"

"शहाद्याला आहे. पण चालत नाही."

"मग इथं आणून जोड," ती सीट थोपटत म्हणाली. "ही चालते."