सीटखालची स्प्रिंग

"मिशी! लावतोस का मिशी, बोल!" फिटरने शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर अशी थाप मारली की आत शिंप्याच्या हातातली कात्री दचकली.

ढोल्याने मिशीचं टोक चिमटीत धरलं. "लावली. पण तू काय लावणार? तुझ्याकडे टक्कल सोडून आहे काय?"

"मी? मी तुला खांद्यावर घेईन आणि सगळ्या लोकांसमोर मैदानाला अख्खी फेरी मारीन."

यावर आळी जी हसली, ती हसतच सुटली. चहावाल्याच्या हातातला कप हिंदकळला. शिंपी म्हणाला, "फिटरभाऊ, आधी घरी निरोप ठेवून ये. याला उचलायला क्रेन लागते, मणका नाही."

तर पैज अशी. मोठ्या मैदानाचं गवत कापायची जी गाडी आहे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पोरासारखी दिसणारी, वर बसून चालवायची, पोटाखाली पातं फिरणारी, ती रविवारी सामन्याआधी ढोल्याने चालवायची. अख्खं मैदान एका दमात. न थांबता झालं, तर ढोल्याची मिशी गेली. मध्ये एकदा जरी गाडी बंद पडली, तर ढोल्या फिटरच्या खांद्यावर.

ढोल्या त्या गाडीचा ड्रायव्हर आणि फिटर तिचा डॉक्टर. दोघांची मैत्री जुनी, म्हणजे एकमेकांना चारचौघात शिव्या द्यायचा हक्क मिळण्याइतकी. ढोल्याचं अंग एकेकाळी असं होतं की तो लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे मुकाट्याने जिन्याने जात. आणि फिटरचा तोरा असा की आपण दुरुस्त केलेली वस्तू परत आली, तर दुकानाची पाटी उतरवीन.

आणि आता ही गाडी परत परत येत होती.

दर वेळी तेच. ढोल्या गवत कापायला निघायचा, गाडी छान घुमायची, आणि मध्येच एका खाचखळग्यावर हुंक् करून गप्प. पुन्हा चावी मारली की सुरू. पुढच्या खळग्यावर पुन्हा हुंक्.

फिटरने काय करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. टाकीतलं जुनं, आंबलेलं पेट्रोल ओतून दिलं. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला सुईएवढं भोक असतं, ते बुजलं की इंजिन चालता चालता गुदमरतं. ते तारेने मोकळं केलं. कार्बोरेटर उघडून धुतला. प्लग बदलला. बॅटरीच्या टोकांवरची बुरशी खरवडली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण सहकुटुंब राहत होती, तिला नोटीस न देता बाहेर काढली. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर स्वतः सीटवर बसून मैदानभर चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी. एकदाही कुरकुर नाही.

मग ढोल्या बसायचा. हुंक्.

"गाडी तुझ्यावर रुसलीय," फिटर म्हणायचा. "बायकोसारखं जरा गोडीत घे तिला."

"तुझ्या हाताला गंज चढलाय," ढोल्या म्हणायचा. "दुकान बंद कर आणि नातवंडं सांभाळ."

असं करत करत गोष्ट त्या पायरीवरच्या पैजेपर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर हत्यारांची पेटी घेऊन मैदानावर हजर. म्हणाला, "आज तू चालव, मी बाजूने चालतो. कुठे हुंक् करते ते माझ्या डोळ्यांनी बघू दे."

ढोल्या चढला. अंगात तो मोठा जाड कोट, दिवस उकाड्याचे असूनही. पातं सुरू झालं, गवत उडायला लागलं, फिटर शेजारून पळत, कान इंजिनाकडे लावून. कोपऱ्यातला खळगा आला. हुंक्.

"हां! दिसलं!" फिटर ओरडला. काहीही दिसलं नव्हतं, पण ओरडायला काय जातं. त्याने बॉनेट उघडलं. दोन्ही हात आत घालायचे होते, पेटी ठेवायला जागा नव्हती, आणि ओल्या गवतावर पेटी ठेवणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. "धर रे ही जरा." लोखंडी पेटी त्याने ढोल्याच्या मांडीवर दिली. "आता चावी मार. हळूहळू पुढे घे, त्याच खळग्यातून."

गाडी खळग्यात उतरली, चढली. गप्प झाली नाही.

"पुन्हा."

पुन्हा गेली. मागे आली. परत गेली. इंजिनाने ब्र काढला नाही.

"बघ! हात लागला नुसता!" फिटर खूश. "डॉक्टरचा हात म्हणतात तो हा." त्याने पेटी उचलून काखेत मारली. "जा आता, मिशीला शेवटचं तेल लावून ये."

ढोल्याने गाडी पुढे घेतली. खळगा. हुंक्.

फिटर उभा राहिला. हातातल्या पेटीकडे त्याने बघितलं, मग सीटकडे. या गाड्यांच्या सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की सीट स्प्रिंगवर दबते, बटण दाबलं जातं आणि गाडी समजते की कोणीतरी बसलंय. माणूस पडला, उठला, तर बटण सुटतं आणि पातं, इंजिन सगळं जागच्या जागी बंद. पात्याखाली कोणाचा पाय जाऊ नये म्हणून केलेली सोय. फिटर त्या बटणाला सासू म्हणायचा. ती फक्त एवढंच बघते, जावई जागेवर आहे की नाही. आणि ते बटण तपासायला तो दर वेळी स्वतः बसला होता, स्वतःच्या पोटासकट. बटण अगदी ठणठणीत होतं.

खळग्यात सीट उसळली की गाडीला वाटत होतं, वर कोणी नाहीच.

फिटरने एकही शिवी न देता बॉनेट बंद केलं. हे आळीतल्या कोणी पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

"गाडी घेऊन शेडमध्ये चल," शेवटी तो म्हणाला.

पत्र्याच्या शेडमध्ये ढोल्या उलट्या बादलीवर बसला. बादली पूर्वी त्याच्याखाली दिसायची नाही. आता सगळीकडून दिसत होती.

"कोट काढ."

"कशाला? थंडी वाजते."

"काढ म्हटलं ना."

ढोल्याने कोट काढला. आत अजून एक स्वेटर होता. फिटरने त्याकडे बोट केलं. ढोल्या म्हणाला, "कांदा सोलतोयस का? पुरे आता. रडशील."

साबण रोज वापरणाऱ्याला झिजताना दिसत नाही. चेहरा तसाच गोल, मिशी तशीच, शिव्या तशाच. फिटर खाली बसला, जमिनीवरच.

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर काही म्हणाला नाही. आधी म्हणायचा, हे घ्या, ते घ्या. परवा मात्र त्याने पेन खिशाला लावलं आणि विचारलं, तुमच्या मुलीला इकडे यायला कधी जमेल? मी म्हटलं, समजलो साहेब."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी आपला त्या उंदरिणीला बेघर केलं!"

ढोल्या हसला. हसताना त्याला दम लागला. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी नीट बोलायला लागला असतास. घरी ही नीट बोलते. मुलगी फोनवर नीट बोलते. परवा तर साला माझा मेहुणासुद्धा नीट बोलला. एक तूच उरला होतास."

फिटरने हातातल्या फडक्याने नाक पुसलं. फडक्याला ग्रीस होतं, ते मिशी नसलेल्या जागी लागलं.

"रविवारी मला त्या गाडीवर बसू दे," ढोल्या म्हणाला. "सगळे येणार आहेत. त्यांनी मला वर बसलेला बघायला पाहिजे. सोमवारी मी मैदानाच्या कमिटीला सांगणार, मुलीकडे राहायला चाललो. संपलं. पण एकानेही माझ्याकडे बघून 'अरेरे' करता कामा नये. मेल्यावर करा काय ते. तू एक काम कर, बटणाच्या दोन तारा जोडून टाक. दोन मिनिटांचं काम आहे. गाडीला कळणारच नाही, वर कोण आहे नि कोण नाही."

"नाही."

"का?"

"चक्कर येते का तुला?"

ढोल्या स्वेटरची बाही ओढत बसला.

"येते ना? मग वरून घसरलास आणि पातं फिरतच राहिलं तर? तुझे तुकडे गोळा करायला मी झाडू आणू?" फिटरचा आवाज चढला, मग बसला. "तारा जोडणार नाही. स्प्रिंग बदलतो. नरम घालतो. तू बसलास की दबेल आणि उठलास की सुटेल. सासू जागी राहील."

त्याने सीट उलटी केली. जुनी स्प्रिंग काढली. हाताने ढकलायच्या लहान गवतकाप्याची एक नाजूक स्प्रिंग भंगारात पडली होती, ती शोधून बसवली. तळहाताने सीट दाबून बघितली. एवढीशी दाबली तरी बटण टक् करत होतं. एवढ्याशा वजनाला.

"झालं?" ढोल्याने विचारलं.

"गाडीचं झालं," फिटर म्हणाला.

शनिवारी फिटर शिंप्याकडे गेला आणि उगाच दोऱ्याची रिळं चाळत बसला. शिंप्याने एकदा बाहेर बघितलं, कोणी नव्हतं. मग मशीन थांबवून हळूच म्हणाला, "त्याची पँट कमरेत आत घेऊन घेऊन आता मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटलेत. मला शपथ घातलीय त्याने."

"मग बोललास कशाला?"

"मी कुठे काय बोललो?" शिंपी म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.

रविवारी मैदानाच्या कडेने सगळी वस्ती उभी. कमिटीचा सेक्रेटरी माइक घेऊन खुर्चीवर चढला होता आणि पैज जगजाहीर झालेली होती. पोरं आधीच ओरडत होती, "मिशी! मिशी!" ढोल्या कोट घालून, केस चापून, राजासारखा गाडीवर बसला. नरम स्प्रिंग दबली. बटणाने त्याला मान्य केलं.

गाडी निघाली. एक पट्टा, दुसरा पट्टा, मागे हिरव्या गालिच्यासारखी फिकट-गडद रेघ. खळगा आला, गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिटर शेडजवळ उभा होता, लोकांच्या विरुद्ध बाजूला, कान टवकारून. इंजिन इतकं सुरेल चाललं होतं की त्याला रडू यावं. आयुष्यात इतकी चांगली दुरुस्ती त्याने केली नव्हती.

मैदान जवळजवळ उरकलं. शेवटचा पट्टा राहिला. वळताना ढोल्याची गाडी फिटरच्या समोर आली, आणि फिटरला स्टीअरिंगवरचे हात दिसले. ते थरथरत नव्हते, उडत होते. चेहरा गवतासारखा झाला होता, कापून वाळलेल्या. पाय पेडलवर होते, पण पाय असल्यासारखे नव्हते. हा माणूस पट्टा संपवेलही. पण मग खाली उतरायचं होतं. सगळ्यांसमोर. चालत.

ढोल्याने फिटरकडे बघितलं. एक डोळा मारला. आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात रेटून तो सीटवरून वर उठला. वीतभर, जास्त नाही. पण सीट आणि पँट यांच्यामधून फिटरला पलीकडचा उजेड दिसला.

हुंक्.

मैदान शांत झालं. मग ढोल्या धपकन सीटवर बसला आणि जेवढी हवा उरली होती तेवढी खर्चून ओरडला, "बंद पडली! फिटर हरला रे!"

एकच गिल्ला झाला. माइकवर सेक्रेटरी, "फिटरसाहेब, काय हे? काय झालं?"

फिटरने तोंड उघडलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून हातात पाना होता. एकही वस्तू कधी नावाला बट्टा लावून गेली नव्हती. गाडी ठणठणीत आहे, तो उठलाय, एवढंच म्हणायचं होतं.

"वायर सैल राहिली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी चूक. आता हात चालत नाहीत पूर्वीसारखे."

"पाटी उतरव!" कोणीतरी ओरडलं. "आधी ढोल्याला उचल!" दुसरा म्हणाला.

फिटर गाडीजवळ गेला, पाठ करून खाली वाकला. "चढ, भाडखाऊ."

"येतोय, घोड्या." ढोल्याने त्याच्या डोक्याला धरलं. फिटरने हळूच, लोकांना दिसणार नाही अशा बाजूने, त्याचा एक पाय उचलून खांद्यावर घेतला, मग दुसरा.

फिटरचे गुडघे वजन झेलायला तयार होऊन बसले होते. ते तसेच राहिले. तो सरळ उभा राहिला, इतका सहज की स्वतःच घाबरला. घोटे धरले तर बोटं पलीकडे एकमेकांना भेटली. भीती वाटली की वारा आला तर हा माणूस हातातून जाईल.

समोर लोक बघत होते. शिंपी तेवढा खाली बघत होता.

तेव्हा फिटरने कंबर वाकवली. तोंड वाकडं केलं, डोळे बाहेर काढले. "मेलो! मेलो रे! अरे काय खातोस तू, दगड?" एक पाऊल डावीकडे झोकांडला, एक उजवीकडे. लोक लोटपोट. पोरं मागे धावायला लागली. कोणीतरी ताट वाजवलं.

वरून कानाशी बारीक आवाज आला, "नाटकं कमी कर. पडेन मी."

"गप बस. केस धर माझे."

"आहेत कुठे?"

फिटर चालत राहिला. वर ढोल्या एक हात हवेत हलवत होता, निवडून आल्यासारखा. सेक्रेटरी माइकवर ओरडला, "फिटरसाहेब, सोडा आता! झेपणार नाही! अर्ध्या फेरीत मानू आम्ही!"

फिटर थांबला. हाशहुश करत, छाती भात्यासारखी हलवत, त्याने डोळ्यांत आलेलं पाणी घाम म्हणून बाहीने पुसलं. "नाही," तो ओरडला. "जड आहे लेकाचा, पण पैज म्हणजे पैज." आणि पुढचं पाऊल टाकताना त्याने पुन्हा, मुद्दाम, गुडघा वाकवला.