शिडीवरची सवत

चन्नवीर फिटरने ती वस्तू घडवली तेव्हा तिला नाव नव्हतं. मिलच्या भंगारातला लोखंडी पट्टा वाकवून त्याने एक जबडा केला, तो आवळायला पेच बसवला, आणि वर डबा ठेवायला एक कडं नि कुंचे खोचायला पत्र्याची नळी जोडली. जबडा शिडीच्या बांबूला लावायचा, पेच पिळायचा, की चुन्याचा डबा हाताशी तयार. चन्नवीर त्याला शिकंजा म्हणायचा. ज्याच्यासाठी ती घडवली तो रंगारी बिरप्पा नुसतं ‘ते’ म्हणायचा. सवत हे नाव त्याच्या बायकोने, तानाबाईने ठेवलं, आणि चाळीत तेच रूढ झालं.

चाळीतल्या बायांना हसायला कारण मिळालं. नळावर कुणीतरी विचारायची, काय तानाबाई, नवी आलेली नांदते का नीट? तानाबाई घागर उचलायची आणि चालू लागायची. तो शब्द तिला खरोखरच टोचत होता, हे त्या बायांना ठाऊक नव्हतं.

बिरप्पा आणि तानाबाई मंगळवेढ्याकडची धनगर माणसं. मेंढरं होती तोवर मेंढरांमागे हिंडली. मग एका वाईट सालात मेंढरं गेली आणि ही दोघं सोलापुरात आली. मिलच्या आवाजात बिरप्पाचा जीव रमेना, म्हणून त्याने भिंती रंगवायचं काम धरलं. येताना गावाकडून आणलेली एकच वस्तू कामाला आली, ती म्हणजे आकडी. बाभळीच्या फांद्या मेंढरांसाठी खाली ओढायची ती लांब काठी, टोकाला वाकडा आकडा. तानाबाई त्या आकड्याला चुन्याचा डबा अडकवायची आणि शिडीवरच्या बिरप्पाला वर पोचवायची. रिकामा डबा तसाच खाली घ्यायची. चुना भिजवणं, गाळणं, त्यात डिंक नि नीळ घालणं हेही तिचंच. पण हे सगळं खाली बसून व्हायचं. जीव घ्यायचं ते डबा वर देणं.

दिवसभर मान वर आणि हात वर. चुन्याचे थेंब तोंडावर. संध्याकाळी चुलीपुढे बसली की तिला भाकरी थापायला उजवा हात उचलवत नसे. “ह्यो खांदा तोडून टाका एकदाचा,” असं ती रोज म्हणायची. बिरप्पा नुसतं ऐकायचा. तो बोलणारा माणूसच नव्हे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून राहणाऱ्याला बोलायची सवय लागणार तरी कुठून? शिवाय तोही दमलेला असायचा. पोटऱ्या दगड झालेल्या, तळपायांवर शिडीच्या दांड्यांचे वळ. त्याचा एक ठरलेला शब्द होता, ‘थांब’. तिने खालून हाक मारली, भाकरी खायला, पाणी प्यायला, कशालाही, की वरून उत्तर यायचं, “थांब, एवढं होऊ दे.” त्यात मस्ती नव्हती. एकदा खाली उतरलं की परत वर चढणं त्याच्या जिवावर येई, एवढंच. पण ऐकणाऱ्याला मस्ती काय नि थकवा काय, थांबायचं ते थांबायचंच.

तर दिवाळीच्या तोंडावर तो एके दिवशी ते लोखंडी साधन घेऊन आला. तिच्यासमोर शिडीला लावून दाखवलं, डबा कड्यात ठेवला, हलवून पाहिला. तो हलला नाही. मग तो म्हणाला, “आता तू बस. न्हाईतर घरीच ऱ्हा. माजं मी बगतो.”

पुरुषांना वाटतं, बाईला बस म्हटलं की तिला विसावा मिळतो. तिचा खांदा वाचावा म्हणून त्याने चन्नवीरची किती मनधरणी केली होती, हे त्याने सांगितलं असतं तर गोष्ट निराळी. त्याने ते सांगितलं नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की आता तुझी गरज नाही.

आणि हे तिला नवं नव्हतं. मूल झालं नाही म्हणून सासूने, अंबुबाईने, हेच निराळ्या शब्दांत ऐकवलं होतं. अंबुबाई करारी बाई होती. बिरप्पा लहानपणी आकडी घेऊन बाभळीवर शेंड्यापर्यंत चढायचा, आणि खालून तिने “बिरप्पा, उतर खाली” एवढं म्हटलं की सरसर खाली यायचा. लग्न झाल्यावरही तेच. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. फक्त एका बाबतीत त्याने तो पडू दिला. मेंढरं गेली त्याच साली दुसरी बायको कर म्हणून ती हटून बसली, तेव्हा तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तानाबाईला आणि आकडीला घेऊन सोलापूरची वाट धरली. पुढे म्हातारी वारली. सवत आली नाही ती नाहीच. आता ही लोखंडाची आली, आणि आणली कुणी, तर त्यानेच. तानाबाईला रडायला आलं नाही, राग आला. मग रागाचाही कंटाळा आला.

घरी राहायला मात्र ती तयार नव्हती. शिडीखालची जागा तिची होती. उन्हात, धुळीत, चुन्याच्या थेंबांत का असेना, त्या जागेवर ती नवऱ्याबरोबर उभी असायची. चाळीतल्या किती जणींना दिवसभर नवऱ्याचं तोंड दिसत होतं? तिला निदान टाचा दिसायच्या. ती जागा गेली की मागे चूल तेवढी उरणार होती.

काम नव्या पेठेत होतं. एका कापडवाल्याच्या दुकानाचा वरचा मजला दिवाळीआधी पांढरा करायचा. गिऱ्हाइकांची ही गर्दी, हातगाड्या, बैलगाड्या, मधूनच एखादी मोटार. तानाबाईने चुना कालवून डबा भरून दिला. बिरप्पाने तो स्वतः वर नेला, कड्यात ठेवला, पेच पिळला. खाली बघून म्हणाला, “आज आलीस ती आलीस. उद्यापास्नं नगं येऊ.”

ती वळली. रस्ता ओलांडून समोरच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली. हात मांडीवर मोकळे. खांदा खरंच हलका वाटत होता, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. वर सवत आपली गपगुमान डबा धरून बसली होती. मान दुखायची नाही, तहान लागायची नाही, कुरकुर करायची नाही. अशी बायको कुणाला नको, असं तिच्या मनात आलं.

रोज ती शिडीच्या बुडाशी उभी असायची तेव्हा गाडीवाले आपसूक वळसा घालायचे. बाई उभी आहे म्हटल्यावर कासरा ओढायचा, एवढी रीत साऱ्यांना होती. आज तिथे बाई नव्हती. दोन बांबू भिंतीला टेकलेले, त्यांच्याकडे कोण बघतो?

सुताच्या गाठी लादलेली एक बैलगाडी पेठेत शिरली. मागून मोटारीने भोंगा वाजवला आणि बैल बिथरले. गाडी रस्ता सोडून दुकानांच्या कडेला ओढली जाऊ लागली, थेट शिडीच्या रोखाने. गाडीवान कासऱ्याला लोंबकळला होता, पण बैल त्याला जुमानत नव्हते.

तानाबाई उठली. “अवं!” तिने हाक मारली. आवाज गर्दीत कुठेच पोचला नाही. तिने पुन्हा सगळ्या ताकदीने “अवं” म्हटलं, तर पेठेतले चार-पाच नवरे मागे वळले. एक फेटेवाला तर थांबलाच. आणि वरून, भिंतीकडे तोंड करून, ठरलेलं उत्तर आलं, “थांब, एवढा कोपरा होऊ दे.”

बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तानाबाईने ते एकदाच घेतलं होतं, लग्नात, बाया हटून बसल्या म्हणून उखाण्यात, तेही पदराआडून. एरवी कुणी नाव विचारलं तर ती शेजारणीला सांगायला लावायची. त्या क्षणी यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होती ती गाडी.

“बिरप्पा,” ती ओरडली, “उतर खाली!”

आणि बिरप्पा उतरला. थांब नाही, एवढं होऊ दे नाही. हातातला कुंचा टाकून दिला आणि लहानपणी बाभळीवरून यायचा तसा सरसर खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच त्याने अंग दुकानाच्या पायरीकडे टाकलं, आणि गाडीच्या चाकाने शिडी उडवली. शिडी रस्त्यात आडवी झाली. एक बांबू मोडला. गाडीवानाने पुढे जाऊन कसेबसे बैल आवरले.

तानाबाई धावत आली. बिरप्पाचा गुडघा सोलवटला होता, बाकी काही नव्हतं. तो पायरीवर बसून गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

“आय कुटं हाय?” त्याने विचारलं.

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.  त्याचं नाव घेऊन ओरडणारी बाई त्याच्या सगळ्या जन्मात एकच होती. ती मेलेली आहे हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

“मी हाक मारली,” ती म्हणाली.

बिरप्पाने तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, “तू नाव घेतलंस?”

“अवं म्हनून बगितलं की आदी. तुमी थांब म्हनला.”

 रस्त्यात चुना पसरला होता आणि लोक त्यातून पाय वाचवत जात होते. मोडक्या शिडीला सवत अजून घट्ट चिकटलेली होती, कड्यात रिकामा डबा. चन्नवीरचं काम पक्कं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

“मेलेल्या आयीच्या हाकंला उतरला,” तानाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. “जित्या बायकूच्या हाकंला बी उतरत जावा.”

तो मान खाली घालून गुडघ्यावरचा चुना पुसत राहिला. मग म्हणाला, “खांदा दुकतो म्हनत हुतीस. म्हनून आनलं ते.”

“मग तसं सांगायचं व्हतं की,” ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नळावर बायांना नवा विषय मिळाला. तानाबाईने भर पेठेत नाव घेतलं, तेही उखाण्याशिवाय. तानाबाई घागर भरत होती. म्हणाली, घेतलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. आणि घागर उचलून चालू लागली.

बिरप्पाने शिडीला नवा बांबू बांधला. सवतही तिच्या जागी लागली, डबा कड्यात बसला. आकडी घरी कोपऱ्यात उभी राहिली. उद्यापासून नको येऊ हे त्याने पुन्हा काढलं नाही, आणि तानाबाई शिडीच्या बुडाशी, बांबूला हात लावून उभी राहिली. हात वर करायचा नव्हता, नुसता टेकवायचा होता. थकवा होताच, तो काही लोखंडाच्या तुकड्याने जाण्यासारखा नव्हता. पण गाडीवाले वळसा घालून जात होते.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. तिने वर पाहिलं. चुन्याने पांढऱ्या पडलेल्या टाचा, नेहमीच्या.

“अवं,” ती म्हणाली.

“थांब, एवढं...” वरून आवाज आला आणि मधेच तुटला. कुंचा नळीत खोचल्याचा आवाज झाला. शिडी करकरली. एकेका दांड्यावर पाय देत, कण्हत, बिरप्पा खाली आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“काय गं?”

“काय न्हाय,” तानाबाई म्हणाली. “भाकर खाऊ या.”