साठावी पिन

एकोणसाठ.

आजीने डबी पुन्हा पलंगावर पालथी केली आणि पितळी सेफ्टी पिना एकेक करून झाकणात टाकल्या. शेवटची टिक् करून पडली आणि पुढे काही आलं नाही. एकोणसाठ. डबी साठांची होती. साठच्या साठ गोधडीला लावल्या होत्या. तिनेच कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं होतं.

समोर गोधडी पसरली होती. पिवळ्या-निळ्या चौकोनांची, लहान बाळाच्या मापाची, कालच गोट लावून चारी बाजूंनी बंद केलेली. बंद. म्हणजे आत जे काही राहिलं असेल, तेही बंद.

सव्वाबारा वाजले होते. चार वाजता लेक येणार होती, तीन महिन्यांच्या ठमीला घेऊन. ठमीला पहिल्यांदाच आजीजवळ एकटं ठेवून ती तासभर बाहेर जाणार होती. तास नीट गेला तर सोमवारपासून, लेकीची रजा संपली की, रोज. नाहीतर पाळणाघराचा फॉर्म लेकीच्या पर्समध्ये भरून तयार होता.

पुन्हा एकोणसाठ.

मशीनच्या पोटात: नाही. पलंगाखाली: नाही. केरात, पायपुसण्यात, स्वतःच्या पदरात: नाही.

तिने शिवणक्लासच्या बाईंना फोन लावला. बाई वयाने तिच्या लेकीएवढ्या, पण तोंडाने सासूच्या वरताण.

"चुंबक फिरवलंत का, काकू?"

"पितळेला चुंबक काय करणार?"

"हो की. गंजू नयेत म्हणून मीच पितळी घ्यायला लावल्या. अंबाड्यात बघितलंत? माझी एक तिथे आठ दिवस मुक्कामाला होती."

"बघितलं."

"मग पडली असेल कुठेतरी. एका पिनेसाठी एवढा जीव काय टांगणीला लावता?"

"मोजून लावायच्या, मोजून काढायच्या, हे तुम्हीच शिकवलंत ना?"



"गोट लावायच्या आधी मोजल्या होत्या का?"

मोजल्या नव्हत्या. कडेची एखादी पिन उघडून आतल्या कापसात शिरली असेल, आणि आपण तिच्यावरून टीप मारून मोकळ्या झालो असू. तिने फोन ठेवला तेव्हा तळहाताला घाम आला होता.

दोन महिन्यांपूर्वी ती क्लासमध्ये मशीनसमोर बसली, तेव्हाही असाच घाम आला होता. पायपट्टीवर पाय ठेवला आणि मशीन सुसाट सुटलं. "वाघ नाहीये, काकू, मशीन आहे," बाई म्हणाल्या होत्या. कापड दाबून धरणारा सुईशेजारचा दट्ट्या खाली करायचा राहायचा आणि कापडाखाली दोऱ्यांचं घरटं व्हायचं. तीन थर एकदम सरकेनात. मधोमध सुरुवात करायची, मग बाहेर बाहेर जायचं, हे हाताला कळायला महिना गेला. बाकीच्या बायकांना वाटायचं, म्हातारीला मशीनची भीती वाटते.

मशीनची नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी तिने लेकीला शाळेच्या कार्यक्रमासाठी फ्रॉक शिवला होता. कंबरेच्या शिवणीत एक टाचणी राहून गेली. सहा वर्षांची पोर अख्खा नाच नाचली. घरी येऊन फ्रॉक उतरवला तेव्हा अस्तर लाल झालेलं. "सांगितलं का नाहीस गं?" तर म्हणाली, "तू एवढ्या हौसेने शिवला होतास." त्यानंतर आजीने सुई हातात धरली नव्हती. आणि लेक अजूनही कुठलाही नवा कपडा अंगात घालण्याआधी त्याच्या आतून हात फिरवते. दुकानातला असो की भेट आलेला. बोलत बोलत, लक्षात न येता.

आजीने गोधडीवरून हात फिरवला. दाबून, कुरवाळून, चिमटीत धरून. प्रत्येक गाठ पिनेसारखी लागत होती.

साडेबारा. तिने शिलाई उसवायचा काटा उचलला.

आधी गोट. मग कडेची ओळ, मग तिच्या आतली. करकर, करकर. दोन महिने ज्या ओळी बाहेर बाहेर गेल्या होत्या, त्या एकेक करून आत येऊ लागल्या. काटा दोनदा बोटात शिरला. कापूस उपसून ती चिमटीने पिंजत गेली. काही नाही. पुढची ओळ. काही नाही. घड्याळाकडे बघायचं तिने सोडून दिलं.

दार वाजलं तेव्हा जमिनीवर कापूसच कापूस होता.

"आई? हे काय केलंस?" लेक ठमीला छातीशी धरून उंबऱ्यातच थांबली.

"एक पिन सापडत नाहीये."

"म्हणून सगळी उसवलीस?"

"सगळी. तरी नाही सापडली." आजी उठली नाही. "आज तिला इथे नको ठेवूस. कुठे पडली असेल सांगता येत नाही. पाळणाघराचा तो फॉर्म देऊन टाक."

"जेवलीस का?"

आजीने मान हलवली.

लेक आत आली. तिने एक पिवळा चौकोन उचलला, त्याच्या कडेची बारीक बारीक भोकं पाहिली. मग आईची बोटं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मांडी नीट घाल," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"घाल ना. हात अवघडलाय माझा." आणि तिने ठमीला सरळ आजीच्या मांडीवर ठेवलं. आजीच्या साडीवरून, पदरावरून, कुठूनही हात न फिरवता. "दूध पिऊन झालंय. तासाभरात येते. आणि पोळीबिळी खा काहीतरी."

साठ.

चपलेत पाय घालायला लेक दारात वाकली, तशी खांद्यावरची दुपट्यांची पिशवी पुढे आली. मंगळवारी ती घाईघाईत डोकावून गेली, तेव्हाच इथे पिशवीची चेन बिघडली होती, आणि पिनांची डबी पलंगावर उघडीच होती. पिशवीचं तोंड दुमडून मधोमध एक छोटी पितळी पिन लावलेली होती.

आजी बघत राहिली. ठमीने तिचं दुखरं बोट मुठीत धरलं होतं.

"ती पिन," ती हळूच म्हणाली, "नीट लागलीये ना, बघून घे. उघडतात त्या कधी कधी."

लेकीचा अंगठा पिनेवर गेला आणि तिथेच राहिला. एक चप्पल पायात, एक बाहेर. तिने मान वर केली नाही.

"जा," आजी म्हणाली. "उशीर होईल तुला."