बनाबाईंनी माइक मागितला

राजवर्धनला वाटायचं, देवानं आपला आवाज रेडिओसाठीच घडवला आणि रेडिओवाल्यांच्या कानात दगड भरले. दोन-तीनदा चाचणी देऊन तो हात हलवत परत आला होता. तेव्हापासून कसबा बावड्यात लग्न असो, सत्कार असो, माइक दिसला की हा उभा. घरात बायकोकडं चहा मागायचा तोही घशात खर्ज आणून.

त्या रविवारी बावड्याच्या हॉलमध्ये एक जुना कृष्णधवल विनोदी सिनेमा दाखवायचा होता. रेडिओवर गायचं खूळ डोक्यात घेऊन एक बेसुरा खेडूत शहरात येतो, अशी गोष्ट. त्यातल्या नायिका बनाबाई, आता ऐंशीच्या पुढच्या, पाहुण्या म्हणून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सूत्रसंचालन अर्थातच राजवर्धनकडं. सिनेमाबद्दल दोन वाक्यं बोलून त्यानं उरलेलं सगळं भाषण स्वतःवरच ठोकलं.

सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात आवाज गेला. मशीन सांभाळणारा कृष्णात म्हणाला, "दुसरा पेनड्राइव्ह घरात हाय. आणतो."

"तवर बंद कशाला? मी हाय की!"

राजवर्धननं माइक उचलला आणि पडद्यावरच्या सगळ्यांच्या तोंडी स्वतःचा आवाज घालायला लागला. नायक तोच, बाप तोच, रेडिओचा साहेबही तोच. लोक पोट धरून हसत होते. कुणाला हसतायत, हे फक्त त्यालाच कळत नव्हतं. तो आणखीच चेकाळला.

मग पडद्यावर तरुण बनाबाई आल्या. राजवर्धननं आवाज चिरका करून मान वेळावली. तशा खऱ्या बनाबाई काठी टेकत उठल्या.

"आण हिकडं. माझं मी बोलतो."

पडद्यावरची पोरगी नायकाकडं बघत ओठ हलवत होती. बनाबाई म्हणाल्या, "तुझ्यापरीस म्हशीचं रेडकू सुरात वरडतंय. आवाजाला आरसा असता तर तू कवाच मुका झाला असतास. गप घरला जा!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. राजवर्धनही खो खो हसला. "काय संवाद लिहायचे तवा!"

एवढ्यात कृष्णात आला. त्यानं तोच प्रसंग पुन्हा लावला. पडद्यावरची पोरगी लाजत म्हणाली, "तुमचा आवाज ऐकला की काळीज हलतंय. तुम्ही रेडिओवर गाणारच बघा."

सगळ्या माना बनाबाईंकडं वळल्या.

"आजी," राजवर्धननं चाचरत विचारलं, "मग मघाचं कुठलं?"

"कुठलंबी न्हाय. तवा लिहून दिल्यालं बोललो. असल्या गाढवाला गोड म्हणताना जीभ जड झालती. आज मनातलं बोललो."

"म्हंजे त्या नायकालाच बोललासा न्हवं?"

बनाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. माइक कृष्णातच्या हातात दिला. "ह्याला देऊ नगंस," एवढंच म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

सिनेमा शेवटपर्यंत चालला. आभार मानायला कुणी उठलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.