दोन हजार नऊची ओळ

रूपेशने २००८ची ओळ संपवली, कुंचला डब्याच्या काठावर निपटला आणि शिडी पुढे सरकवायला खाली उतरला, तर शिडीच्या पायथ्याशी धोंडीबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर सूप आणि सुपात नाचणी. साखरशेतात नाचणी निवडायला जागांचा काही दुष्काळ नव्हता, पण तिला हीच जागा हवी होती.

“आजी, सरका थोडं.”

“आधी पुढच्या वर्षाला काय लिहणार ते सांग.”

रूपेश जव्हारहून आलेला पेंटर. त्याला हुकूम फक्त खिशातल्या कागदाचा. त्याने देवराम गुरुजींच्या सुबक अक्षरातली ओळ वाचून दाखवली, “दोन हजार नऊ. सामना झाला नाही.”

“मग नाय सरकत,” म्हणत धोंडीबाईने सुपातला कोंडा फुंकला.

साखरशेत आणि जामसर ही दोन गावं होळीच्या दुसऱ्या दिवशी कबड्डी खेळतात, तीही १९९० सालापासून. मैदान चुन्याने नव्हे, होळीच्या राखेने आखायचं, अशी रीत. जिंकणाऱ्या गावाचं आणि त्याच्या संघनायकाचं नाव मैदानाकडेच्या या भिंतीवर चढतं. आजवर सतरा वेळा साखरशेत, सतरा वेळा जामसर. टाळेबंदीत एकदा खंड पडला आणि एकदा २००९ला. सातचा पाढा न येणाऱ्या पोरांनाही ही बेरीज तोंडपाठ. यंदा कोण पुढे जाणार, यावर दोन्हीकडे महिनाभर जेवणं थंड होत होती. जामसरने ठाण्याचे चार व्यावसायिक खेळाडू मानधनावर आणल्याचं कळताच साखरशेतनेही पालघरचे चार आणले. आता साखरशेतच्या सातांत साखरशेतचे तिघेच होते, पण ईर्ष्या मात्र अस्सल गावची.

या ईर्ष्येपोटीच साखरशेतच्या सामना-कमिटीने ठराव केला की भिंत नव्याने रंगवायची आणि या वेळी ऑइलपेंटने. आजवर गेरूने लिहीत. गेरूचं खोटं पावसाळ्यात पुसट होतं, म्हणून धोंडीबाईने इतकी वर्षं मिठाची गुळणी धरली होती. ऑइलपेंटचं खोटं तिला सहन होईना.

कारण सामना झाला होता. त्या वर्षी दोन्ही गावचे गडी खाडीतली रेती काढायच्या कामावर अडकले आणि मुकादमाने कुणालाही होळीला सोडलं नाही. सकाळी राख तशीच पडून राहिली. म्हातारी माणसं तिच्याकडे बघून हळहळली, तेव्हा चाळिशीतल्या धोंडीबाईने पाटीत राख भरली आणि मैदान आखायला घेतलं. कुणीतरी जामसरला निरोप धाडला. दुपारपर्यंत तिकडच्या सात बाया कासोटे घालून हजर. मग जो खेळ झाला, तो बघायला झाडांवर पोरं चढली होती. गुणफलक वीस-वीसवर आला आणि शेवटची चढाई धोंडीबाईची होती. “धोंडी, धोंडी” असा गावाने धोशा लावला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तिचं नाव गावाने एका सुरात घेतलं, त्या दुपारी. ती दुपार झालीच नाही असं कुणी म्हटलं की ती तिथून उठून जाई.

पावसाच्या तोंडावर गडी परतले. बायांच्या खेळाला सामना कसला म्हणायचं, असं म्हणून हसले आणि भिंतीवर “सामना झाला नाही” चढलं.

देवराम गुरुजी दुपारी आले. शाळेतून निवृत्त झालेले, कमिटीचे अध्यक्ष आणि नात्याने धोंडीबाईचे धाकटे दीर. त्यांनी आधी रूपेशला चहाला पाठवलं, मग आवाज खाली आणला. होळी चार दिवसांवर आहे, पाहुणे येणार आहेत, लोक हसताहेत, असं बरंच सांगून झालं. ती नाचणीतून खडे वेचत राहिली.

“वहिनी, सतरा वर्षं झाली. कुणाचं भलं होणार आहे? झाकली मूठ राहू द्या.”

“मूठ तुमी झाकलीय, भावजी. माझी उघडीच हाय.”

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं.

“उद्या जामसरवाले येतील,” ती पुढे म्हणाली. “त्यांच्यासमोर तुमीच सांगा. मी सांगन्यापेक्षा तुमी सांगितलेलं बरं.”

गुरुजी निघून गेले. त्या दिवशी शिडी जागची हलली नाही. रूपेशने वैतागून भिंतीची चौकट दोनदा रंगवली.

दुसऱ्या दिवशी जामसरचे सात-आठ जण पंच ठरवायला आले. पुढे जगन, त्यांचा संघनायक, सव्विसेक वर्षांचा, बोलायला फटकळ. शिडीखाली बसलेली म्हातारी बघून त्याने काय प्रकार आहे ते विचारलं, आणि कळल्यावर त्याला हसू आवरेना.

“म्हणजे ऐन वेळी एक विजय वाढवून घ्यायचा डाव आहे होय? गुरुजी, बायांनी धुळवडीला धावपळ केली असेल. त्याला सामना नाय म्हणत. जामसर हे मानणार नाय.”

त्या वर्षी पाळण्यात असलेल्या साखरशेतच्या पोरांना तेवढंच पुरलं. काल धोंडीबाईला हसणारेच आज तिच्या बाजूने बाह्या सरसावून उभे राहिले. लिहा, लिहा, आमच्या बाया जिंकल्या होत्या, असा एकच गलका झाला. अठरा-सतरा या आकड्याची गोडी त्यांच्या तोंडावर दिसत होती. खरं काय झालं होतं, ते त्यांच्यातल्या एकाने तरी तिला विचारावं, पण नाही.

जगनने हात वर करून गलका थांबवला. “साक्ष कोणाची? पंच कोण होता ते सांगा.”

धोंडीबाईने सूप बाजूला ठेवलं. दिराला चारचौघांत उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ती बोलली.

“शिट्टी भावजींच्या तोंडात होती. गावात तेवढा एकच गडी होता, शाळेमुळं.”

सगळे गुरुजींकडे वळले. गुरुजींनी चष्मा काढला आणि रुमालाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

“झाला होता,” ते म्हणाले. “नियमाने झाला होता. पंच मीच होतो.”

साखरशेतच्या पोरांनी आरोळी ठोकली. गुरुजी वहिनीकडे बघत होते. एवढ्यावर थांबू, असं ते बघणं होतं. पोरं आपलीच समजूत करून घेतील, जामसरवाले चरफडतील, निभावून जाईल.

“निकाल सांगा, भावजी.”

“वहिनी...”

“सांगा.”

“एकवीस-वीस,” गुरुजी म्हणाले. “जामसर.”

आरोळी अर्ध्यात विरली. मग साखरशेतकडून सगळे एकदम बोलू लागले. एक जण म्हणाला की म्हातारीला वेड लागलंय. दुसरा म्हणाला की गुरुजींनी गावासाठी झाकलं ते चांगलंच केलं, आता हिने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते.

“शेवटची चढाई माझी होती,” धोंडीबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, तरी बाकीचे गप्प झाले. “पायाला पकड बसली. हात लांब केला, तर मधल्या रेघेला चार बोटं कमी पडली. मी हरले. भाड्यानं आणलेल्या पोरांनी जिंकलं तर ते तुमी गावाच्या नावावर लिहता. मंग गावच्या बाया हरल्या, ते कोणाच्या नावावर लिहणार?”

पालघरहून आणलेला एक धिप्पाड गडी उगाच बुटाची नाडी बांधायला वाकला.

जगनचं हसू मघाशीच गेलं होतं. आयता पदरात पडलेला विजय कसा घ्यावा, ते त्याला सुचत नव्हतं. गुरुजींनी रूपेशकडून कागद घेतला, जुनी ओळ खोडली, वर “विजयी – जामसर” लिहिलं आणि कागद परत दिला.

रूपेशला कामाची घाई. “संघनायकाचं नाव सांगा. रकाना मोकळा सोडता येत नाय.”

गुरुजींनी ते सांगायला तोंड उघडलं, पण धोंडीबाईने हाताने थांबवलं आणि ती जगनकडे वळली.

“पोशी,” ती म्हणाली. “तुझी आय. माझा पाय तिनंच धरला होता.”

त्या वर्षी जगन आश्रमशाळेत होता आणि होळीला घरी न्यायला गावात गडीच नव्हता.

“खोटं,” तो म्हणाला. मग हळू आवाजात, “आई मला कधी बोलली नाय.”

“काय बोलनार?” धोंडीबाई म्हणाली. “तुला लिहतावाचता येत होतं. भिंतीवर लिहलं होतं, झाला नाय.”

जगनने फोन काढला आणि आईचा नंबर लावून मैदानाच्या मध्यावर चालत गेला. तो काय विचारतोय ते इथवर ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने तो होता तिथेच खाली बसला, फोन कानाशी धरून, आणि बराच वेळ फक्त ऐकत राहिला.