ताईच्या आधी

'केबलशेठ' हे नाव त्याला चहावाल्याने चिडवण्यासाठी ठेवलं होतं, आणि त्याने ते मनापासून स्वीकारलं. खांद्यावर शिडी घेऊन गल्लोगल्ली हिंडणाऱ्या माणसाला मागून कुणी 'शेठ' म्हणत असेल, तर त्याने अर्थाच्या फार खोलात जाऊ नये, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. बाकीचं शहाणपण किती होतं ते पुढे कळेलच.

कंपनीने जुनी केबल बंद करून घरोघर डिजिटल बॉक्स बसवायचं ठरवलं, तेव्हा त्याला आनंदाचं भरतं आलं. सगळ्या केबलवाल्यांना एका हॉटेलात बोलावून प्रशिक्षण देण्यात आलं. इंजिनिअरने पडद्यावर आकृत्या दाखवत बरंच काही सांगितलं. तो सांगत होता तेव्हा केबलशेठ जेवणाच्या टेबलाशी होता, कारण त्या वेळी तिथे रांग नव्हती. परत येताना त्याच्या डोक्यात दोनच शब्द उरले होते, 'स्पष्ट' आणि 'वेगवान'. त्यातला दुसरा इंजिनिअरने उच्चारला होता की आपणच पदरचा घातला, हे त्याला आजही सांगता येत नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांना फलक मात्र लागले : 'जगात घडलं की तुमच्या घरात दिसलं!' खाली त्याचा फोटो. शिडीशिवाय.

पहिला बॉक्स त्याने आईकडे बसवला. आई त्याच्यापासून चार घरं सोडून राहत असे, कारण दोघांनाही एकमेकांवरचं प्रेम टिकवायचं होतं. बॉक्स लागला, चित्र आलं आणि आई पुढे सरकून बघत राहिली.

"अरे, हिच्या पापण्या चिकटवलेल्या आहेत!" ती म्हणाली. "एवढी धाय मोकलून रडते, तरी निघत नाहीत बघ."

हेच आपल्या तंत्रज्ञानाचं यश, असं समजून केबलशेठ खूश झाला.

समोरच्या इमारतीत, त्याच मजल्यावर, अगदी खिडकीसमोर खिडकी अशी मावशी राहत असे. ती आईची धाकटी बहीण. मावशीचे यजमान गेल्यापासून दोघींचा एक नेम झाला होता. संध्याकाळी मालिका सुरू झाली की दोघी आपापल्या खिडकीशी, आपापला चहा घेऊन, आपापल्या टीव्हीसमोर बसत आणि गल्लीवरून एकमेकींशी बोलत. मालिकेतली वकीलबाई दर थोड्या दिवसांनी स्मृती गमावत असे. तिने ती गमावली की दोन्ही खिडक्यांतून एकदमच "गेली बाई पुन्हा!" असं ऐकू येई. खालून जाणारी माणसंही त्यावरून मालिकेत काय चाललंय ते ओळखत.

"एका घरात बसून का बघत नाही?" असं त्याने एकदा विचारलं होतं.

"एका घरात बसलो की भांडतो," आई म्हणाली. "मध्ये गल्ली लागते आम्हाला."

मावशीने मात्र बॉक्स घ्यायला साफ नकार दिला. "मला दिसतं तेवढं पुरे आहे. खोट्या पापण्या बघून काय करू?" जुनी केबल बंद व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे त्यानेही जोर केला नाही.

पहिल्याच संध्याकाळी मावशी समोरून ओरडली, "अगं बाई, पडली!"

"कोण पडली?" आईने विचारलं. तिच्या टीव्हीवर वकीलबाई जिन्यात धडधाकट उभी होती. मग तिचा पाय घसरला आणि ती पडली. आईने बशीत चहा ओतता ओतता समोर पाहिलं. तिला काही उमगेना.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मावशी सगळ्यांच्या आधी हसली, आधी रडली आणि खलनायक दार उघडायच्या आधी "आला मेला!" म्हणाली. आईने लेकाला बोलावून विचारलं, "हिला आधीच कसं कळतं रे?" केबलशेठलाही ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो "बघतो" म्हणाला.

त्याला ते कळलं चहाच्या दुकानात, फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी. चहावाल्याने नवा बॉक्स घेतला होता. शेजारच्या सलूनमध्ये जुनीच केबल होती. सामना अटीतटीचा, पेनल्टीची वेळ. चहाच्या दुकानात सगळे श्वास रोखून बसलेले. पडद्यावर खेळाडू चेंडू नीट ठेवत होता, एवढ्यात सलूनमधून जल्लोष उठला.

"अजून मारलापण नाही!" कुणीतरी कळवळून म्हणालं.

मग त्याने मारला, गोल झाला, पण दुकानात कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या पेनल्टीला सगळी गिऱ्हाइकं कप घेऊन सलूनमध्ये गेली. तोंडाला साबण लावलेल्या एका माणसाने उठून त्यांना खुर्चीही दिली. रिकाम्या दुकानात चहावाला आणि केबलशेठ दोघेच उरले.

"केबलशेठ, तुझा डबा म्हणजे वरातीमागून घोडं," चहावाला म्हणाला. मग बाहेरच्या फलकाकडे बोट करून त्याने सावकाश, एकेक शब्द सोडवत वाचलं, "जगात... घडलं की... सलूनमध्ये दिसलं."

केबलशेठने इंजिनिअरला फोन लावला.

"थोडं मागे असणारच," इंजिनिअर म्हणाला. "आम्ही चित्राच्या घड्या घालून पाठवतो, तुमचा बॉक्स त्या उलगडतो. त्याला चार-पाच सेकंद लागतात. त्या दिवशी सांगितलं होतं की! तुम्ही नव्हता का?"

"होतो ना," केबलशेठ म्हणाला. ते खोटं नव्हतं. तो त्याच हॉटेलात होता.

आता सरळ जाऊन आईला खरं सांगायचं की नाही? पण मग फलकांचं काय, आणि घरोघर जाऊन मारलेल्या गप्पांचं काय? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? संध्याकाळी आईने पुन्हा विचारलं, तेव्हा उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं तो म्हणाला, "मावशी मोबाइलवर पुढची कथा आधीच वाचत असणार. हल्ली येते ती सगळी."

आईचा चेहरा उतरला. तो जिना उतरत होता तेव्हा त्याला वरून तिचा आवाज आला. गल्लीतल्या सगळ्यांनाच आला.

"आधी वाचून बसतेस आणि मला वेड्यात काढतेस होय गं? एवढी वर्षं बरोबर बघतोय, ते हेच का?"

समोरून काही उत्तर आलं नाही. मग आईच्या खिडकीचं दार धाडकन लागलं.

दुसऱ्या दिवशी ते उघडलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वकीलबाईची स्मृती परत आली तरी गल्लीत आवाज उठला नाही. आई टीव्ही लावून बसे, पण कप तसाच थंड होई. "पापण्या बघते झालं," ती म्हणे. तिचं जेवणही कमी झालं. केबलशेठला लाज वाटली. ज्या दोघींनी त्याला लहानपणी आळीपाळीने कडेवर घेतलं होतं, त्यांचं बोलणं त्याने एका फलकापायी बंद पाडलं होतं.

तरीही त्याने लाजेवर जो उपाय शोधला, तो पुन्हा बॉक्सचाच. मावशीकडे बॉक्स लागला की दोघी बरोबर बघतील आणि आपल्याला तोंडही उघडावं लागणार नाही! तो बॉक्स काखेत मारून मावशीकडे गेला.

"ठेव तो बाहेरच," मावशी दारातूनच म्हणाली.

"मावशी, ताई-ताई करत बसायचीस ना? मग तिच्यासाठी तरी घे."

"मला काय खुळी समजतोस? तुझा डबा मागे आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

केबलशेठ बॉक्ससकट मटकन खाली बसला. "मग आई बोलली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती लगेच इथे आली असती आणि माझ्या खुर्चीत बसली असती." मावशीने पदराने डोळे पुसले आणि मग रागाने बोलत सुटली. "अरे, जन्मभर मला सगळं ताईचं झाल्यावर मिळालं. तिचे फ्रॉक, तिची पुस्तकं, तिच्या चपला. पुस्तकात कोड्यांची उत्तरंसुद्धा तिने आधीच लिहून ठेवलेली असायची. तिचं लग्न आधी, तिला पोर आधी. मला तर पोरही झालं नाही, तिच्याच पोराला, तुला, कडेवर घेतलं. या म्हातारपणी पहिल्यांदा काहीतरी मी तिच्या आधी बघितलं. चार सेकंद का होईना! ते पण काढून घ्यायला आलास?"

त्याने बॉक्स पुन्हा काखेत मारला. तो गल्ली ओलांडून आईकडे गेला, आणि या वेळी जिना चढताना त्याने काहीही बनवून ठेवलं नाही.

"आई, मावशी काही वाचत नाही. माझा डबाच उशिरा दाखवतो."

"मग मला तसं का सांगितलंस?"

"फलक लावले होते ना."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की शिडीवरून पडणं परवडलं असतं. मग त्याने फ्रॉक, चपला, कोडी, सगळं सांगितलं. आई उठली. तिने खिडकीचं दार ढकललं.

"अगं ए," ती समोर बघून म्हणाली, "पोराने खोटं सांगितलं मला. त्याचा डबाच रडका आहे. माझं चुकलं गं."

मावशी खिडकीशी आली. तिचा चेहरा अजून फुगलेलाच होता. "मग आता इथे येऊन बसणार असशील."

"छे! मी इथेच बरी. मला उशिरा दिसतं, तर तू सांगत जा."

मावशीने खुर्ची पुढे ओढली. त्या दिवसापासून गल्लीत पुन्हा आवाज सुरू झाला. आधी मावशीचा, मग आईचा.

केबलशेठने फलक उतरवले. चहावाल्याने त्यातला एक मागून घेतला आणि दुकानाच्या गळक्या पत्र्यावर टाकला. गिऱ्हाइकं बॉक्स घेताना विचारत, "उशिरा दिसतं म्हणे?" तो "हो" म्हणे. आश्चर्य म्हणजे लोक तरीही घेत. इतके दिवस एवढा घसा कशाला कोरडा केला, हे मात्र त्याला कळेना.

आणि मग जुनी केबल बंद व्हायचा दिवस आला. सलूनमध्ये बॉक्स लागला. शेवटी मावशीकडेही लावावाच लागला. हा अगदी नव्या धाटणीचा, आईच्या बॉक्सपेक्षा लहानसर होता. तो लावताना केबलशेठला चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. मावशी तोंड फिरवून चहा ठेवायला गेली. संध्याकाळी धीर देण्यासाठी तो तिच्याजवळच बसून राहिला.

मालिकेत वकीलबाईच्याच खटल्याचा निकाल होता. न्यायाधीशांनी चष्मा लावला, कागद उलटला.

"सुटली!" मावशी सवयीने ओरडली आणि लगेच ओशाळून समोर बघू लागली.

आईने समोरच्या खिडकीतून डोकावलं. "कोण सुटली गं?" आईने विचारलं. आणि काही क्षणांनी, "अगं बाई, सुटली!"

मावशीचा चेहरा उजळला. "तिचा डबा जुना झाला असणार," ती केबलशेठच्या कानाशी म्हणाली. "माझा नवा आहे."

केबलशेठला मात्र घाम फुटला. दोन्ही बॉक्स बरोबरच चालायला हवेत. आईचा बिघडला! पहिलाच बसवलेला बॉक्स, तोही स्वतःच्या आईचा! त्याने पिशवी उचलली, गल्ली ओलांडली, धापा टाकत जिना चढला आणि आई "अरे, थांब" म्हणेपर्यंत बॉक्सचं बटण दाबून तो बंद करून पुन्हा चालू केला. चित्र आलं. समोरून मावशीच्या टीव्हीचा आवाज येत होता. दोन्ही आवाज तंतोतंत जुळले.

"झालं," तो कपाळ पुसत म्हणाला. "आता एक सेकंदही मागे नाही."

आईने त्याच्या हातावर चापट मारली.

"गाढवा! आज मुद्दाम थांबवला होता मी तो. मालिका सुरू झाली की दोन उभ्या रेघांचं बटण दाबायचं, जरा थांबायचं आणि परत दाबायचं. मग शेवटपर्यंत मागेच राहतं. तूच दिलेल्या पुस्तकात लिहिलंय."

केबलशेठने रिमोटकडे पाहिलं. ते बटण कशासाठी असतं, हे एवढे बॉक्स बसवूनही त्याने कधी दाबून पाहिलं नव्हतं.

"मग दाब ना आता," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

पण तेवढ्यात पडद्यावर कोर्टाचं दार उघडलं आणि वकीलबाईचा हरवलेला भाऊ आत आला. आईच्या तोंडून शब्द निघणारच होता. तिने पटकन तळहाताने तोंड दाबलं. समोरून मावशीचा आवाज आला, आनंदाने चिरकलेला :

"ताई! ताई, दारात कोण आलं ओळख!"

भाऊ पडद्यावर अगदी समोर उभा होता. त्याच्या दाढीचा केस न् केस स्पष्ट दिसत होता. आईने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि खिडकीतून वाकली.

"माझ्याकडे अजून कुणी आलं नाही गं," ती म्हणाली. "कोण आलंय? सांग ना लवकर!"