डॉक्टर, जाऊ काय?

कॅज्युअल्टीतल्या माझ्या चौथ्या दिवशी, दुपारपर्यंत मला अकरा जणांनी डॉक्टर म्हटलं होतं. पहिल्या चार-पाच जणांना मी सांगितलं की मी नर्स आहे. त्यावर एकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "मंग बाई कुठं गेल्या?" सहाव्यापासून मी सांगणं सोडून दिलं. बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत आम्हाला नको नको ते शिकवलं, पण पुरुष नर्सला लोक काय म्हणतील आणि त्यानं काय उत्तर द्यावं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

डोकं तसंही ठिकाणावर नव्हतंच. कुठल्या ट्रॉलीत कुठली सुई, कचऱ्याच्या लाल पिशवीत काय टाकायचं, पिवळीत काय, वाजणारा फोन कोणी उचलायचा? विचारलं की सुलोचना सिस्टर म्हणायच्या, "डोळे उघडे ठेव आदेश, दिसेल." डोळे उघडेच होते. दिसायचं इतकं, की त्यातलं आपलं काम कोणतं तेच कळायचं नाही.

त्या दिवशी अडीचच्या सुमारास हायवेवरच्या अपघातातले तिघे एकदम आले. डॉक्टर आणि सिस्टर त्यांच्यात गुंतले, नातेवाइकांनी खोली भरून गेली. त्याच गर्दीत एका ऑटोवाल्यानं देवकाबाई नावाच्या एका बाईंना आणून बाकावर बसवलं आणि तो निघून गेला. साठीच्या असतील. हातात कापडी पिशवी, सोबत कोणी नाही.

"गॅस झाला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "स्टँडवर एकदम छाती भरून आली."

कपाळावर घाम होता. मी सिस्टरना ओरडून सांगितलं. "ईसीजी काढ!" त्या तिकडूनच म्हणाल्या.

देवकाबाईंनी पदर गच्च धरला. "बाईले बोलवा."

बाई मोकळी नव्हती. शेवटी आमच्या आया वच्छलाबाई पडदा ओढत म्हणाल्या, "डॉक्टर हायत ना थे. डॉक्टरची कायची लाज? अन् मी उभी हाव ना अठी."

देवकाबाईंनी पदर सोडला. मी गप्प राहिलो. खरं सांगितलं असतं तर ईसीजी राहिला असता, असं मी स्वतःला समजावलं आणि ते खोटं नव्हतं. पण डॉक्टर ऐकायला बरं वाटलं, हेही खोटं नाही.

कागद निघाला. या रेषा मला कॉलेजात छान वाचता यायच्या. इथं त्या सगळ्याच वाकड्या वाटत होत्या आणि थोड्या वेळानं सगळ्याच सरळ. डॉक्टरांना दाखवायला गेलो, तर त्यांचे हात रक्तानं भरलेले. "टेबलावर ठेव, हे झालं की बघतो," ते म्हणाले. परत येतो तोच एक जण रक्ताची चिठ्ठी माझ्या नाकासमोर नाचवू लागला, दुसरा पाणी मागू लागला, तिसऱ्याला त्याचा भाऊ जगेल की नाही हे माझ्याचकडून आत्ताच्या आत्ता हवं होतं. तेवढ्यात कोणीतरी माझी बाही ओढली.

"डॉक्टर, मले आता बरं वाटून राह्यलं. साडेतीनची समुद्रपूर बस हाय. जाऊ काय?"

"हो, जा," मी म्हणालो.

ऐकू आलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं ऐकू आलं होतं. दिवसभर सगळे डॉक्टर म्हणत राहिले की कधीतरी तोंड डॉक्टरसारखं चालून जातं, याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही.

दहा मिनिटांनी डॉक्टर तो कागद घेऊन बाहेर आले. "ही बाई कुठाय? अटॅक आहे हा!"

पलंग रिकामा होता. वच्छलाबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमीच तं जा म्हटलं त्याइले." "साडेतीनच्या समुद्रपूर बसनं जाणार होत्या," मी सिस्टरना म्हणालो. आता सिस्टर ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. "तीन बावीस," त्या म्हणाल्या. "पळ."

वॉर्डबॉय तानबाच्या गाडीवर मी मागे बसलो. केसपेपरवर नाव होतं, गाव होतं, फोन नंबर नव्हता. बस सुटली, तर मधल्या रस्त्यात ती बाई माझ्या एका शब्दावर मरणार होती. मला रडू येत होतं आणि तानबा सिग्नलला थांबला म्हणून मी त्याच्यावरच खेकसत होतो.

स्टँडवर कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी बसच्या दारात चढलो. देवकाबाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या.

"मावशी, उतरा. दवाखान्यात परत चला."

"काऊन? तुमीच जा म्हन्ता, तुमीच उतर म्हन्ता." त्यांनी डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत. "तिकीट काढलं मी."

"भरती करून घ्याचे धंदे हायत हे," मागचा माणूस म्हणाला. "नोका उतरू, आजी."

कंडक्टर टाइम झाला, टाइम झाला करत होता. डॉक्टरसारखं दटावून पाहावं, असं मनात आलं. पण मघाशी डॉक्टरसारखं बोलूनच तर हे झालं होतं.

"मावशी, मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. अख्खी बस ऐकत होती. "नर्स आहे. कामाला लागून चार दिवस झाले. तुम्ही डॉक्टर म्हणालात, मी गप्प बसलो. तुम्हाला जा म्हणायचा मला अधिकार नव्हता. डॉक्टरांनी तुमचा कागद आत्ता पाहिला, तुम्हाला हार्ट अटॅक आलाय. मी चुकलो."

देवकाबाईंनी डोळे उघडले.

"चुकलो म्हन्ते," त्या मागच्या माणसाला म्हणाल्या. "खरंच डॉक्टर नाई हा."

मग त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "धर हे. अन् हात दे बाबू. मघापासून मले उठताच नाई येऊन राह्यलं. पन डॉक्टरनं जा म्हटलं होतं, मंग सांगू कोनाले?"